लिनोच्या रजेची सात दुःखं

भाव करावा तर बाळकुमच्या क्लेमेंटिनाने, हे माझे दुश्मनसुद्धा कबूल करतील! ठाण्याच्या बाजारात मी दिसले की कोळणी टोपलीवर पदर ओढतात. अक्षरं मी 'घ'पर्यंतच शिकले, पण एक नियम जन्माला पुरला: समोरचा निम्मं कापणारच, म्हणून आपण दुप्पट सांगावं. याच नियमाने मी साहेबाकडून रजा काढायला गेले बायांनो, आणि काय झालं ते ऐका!

माझ्या ज्युलियानाचं लग्न ठरलेलं. तिचा बाप देवाघरी, तेव्हा नवरीला हात धरून चर्चमध्ये न्यायचं काम थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या लिनोचं. लिनो मिठाच्या कचेरीत कारकून. साहेब एरवी भला माणूस, पण लग्नासाठी रजा म्हटली की पिसाळायचा. "तुमच्या गावात रोजच लग्न!" म्हणे.

"मग त्या त्र्यंबक कारकुनाला तीन दिवस कसे मिळाले रे?" मी विचारलं.

"त्याची मावशी वारली, आये. अर्जात त्याने 'ग्रीफ' लिहिलं. ग्रीफ म्हणजे शोक."

एका शब्दाला तीन दिवस! मी बोटं मोजली. आपल्याला हवेत आठ, म्हणजे शब्द तीन. साहेब निम्मे कापणार, म्हणजे सहा. वर एक सांडलवंडीला. सात!

"काढ तुझं ते इंग्रजी शब्दांचं पुस्तक!"

"पण आये, मेलं कोण म्हणून लिहू?"

"खबरदार! खोटं मरण लिहून मी पाद्रीबाबाला काय तोंड दाखवू? कुणाला मारू नकोस. नुसतं दुःख लिही. दुःख कुणाच्या घरात नाही?"

लिनो वाचत गेला, मी पारखत गेले. 'सॅड'? "हा काय शब्द! मांजर शिंकल्यासारखा. पण असू दे, तोंडी लावायला." 'सॉरो' घेतला. 'ग्रीफ' त्र्यंबकने चालवून दाखवलेला, तोही घेतला. 'ग्लूमी' ऐकलं आणि विहिरीत धोंडा पडल्यासारखं वाटलं, वा! 'डिजेक्टेड' म्हणताना पोराची जीभ तीनदा ठेचकाळली, म्हणजे माल भारी. 'लो स्पिरिट्स' म्हणजे मन खाली बसणं म्हणे. "बसू दे!" आणि शेवटी 'मेलँकली'! अहाहा! लग्नाच्या वरातीसारखा लांबलचक! तो मी अर्जाच्या टोकाला बसवला.

लिनो कुरकुरला, "आये, यांत फरक असतो गं. काही शोकाचे, काही आजाराचे."

"भाताच्या गोणीत सगळे दाणे सारखे असतात का? घाल सगळे!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिनो घरी आला तो चेहरा पाडून.

"किती कापले?"

"एकही नाही! साहेबाने अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि आठच्या आठ दिवस दिले. वर माझ्या खांद्यावर हात ठेवला, आये!"

मला वाटलं, हात्तेरी, पंधरा मागायला हवे होते! घासाघीस न करणारं गिऱ्हाईक पुढे घात करतं, हे बाजारात उभी हयात घालवूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बाया वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. घुमट वाजतोय, बँड वाजतोय, बायांनी पेलाभर घेतलेली, आणि सगळ्यांच्या पुढे नाचतेय कोण? मी! लिनो डुकराच्या मटणावर आडवा हात मारून ओटीवर पसरलेला. पाणी घेऊन आम्ही अंगणात शिरतोय, इतक्यात शेजारची थेल्मा धावत आली.

"क्लेमेंटिनबाय! साहेबाची बग्गी! संगती गोरा डॉक्टर!"

साहेबाने लग्न पाहिलं की लिनोची नोकरी मिठासारखी विरघळणार! मी डोक्यावरचा हंडा खाली आपटला.

"रडा! रडा गो बायांनो, माझ्या पोराची नोकरी चालली!"

पोटात पेला गेलेल्या बायांना रडायला कितीसा वेळ लागतो? थेल्माने पहिला गळा काढला, मग चाळीस जणींनी. बँडवाल्या व्हॅलेरियनने काही न विचारता मयताची धून धरली. लग्नाला तोच, मयताला तोच, त्याला काय! नवरी बिचारी आपल्याच लग्नात काय झालं म्हणून खरीखुरी रडू लागली.

साहेबाने टोपी काढली. "बाई, इतकी माणसं! सगळ्यांना हाच आजार?"

"सगळ्यांना, साहेब! गावच तसं आहे!"

डॉक्टरने लिनोची नाडी धरली. ती भीतीने घोड्यासारखी उधळलेली. जीभ पाहिली. पोट दाबलं तर लिनो असा कण्हला की डॉक्टरचे डोळे भरले. तो काहीतरी पुटपुटला आणि साहेबाने मराठीत सांगितलं, "मेलँकली. फार वाढली. याला रडणाऱ्या माणसांतून आत्ताच्या आत्ता हलवायचं. आठ दिवस माझ्या बंगल्यावर!"

खरं बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर नवरीचा भाऊ जातो!

"साहेब, परवा न्या ना!"

"नाही, आज."

"बरं, चारच दिवस न्या!"

"आठ."

"पाच! तुमचं नाही, माझं नाही!"

"बाई," साहेब हळूच म्हणाला, "एवढ्या दुःखात सौदा नको."

लिनोला बग्गीत घातलं. मागे वळून तो माझ्याकडे असा बघत होता, जसा कोंबडा सुरीकडे बघतो. दुसऱ्या दिवशी ज्युलियानाचा हात धरून मीच चर्चमध्ये चालत गेले. सगळं गाव बघत होतं. बघू दे!

नवव्या दिवशी मी भाकरी थापून लिनोची वाट पाहत बसले, तर दारात त्र्यंबक. "मावशी, लिनो इतक्यात येत नाही. लग्नाच्या दिवशी चर्चच्या घंटा बंगल्यावर ऐकू गेल्या. बहीण लग्नाला उभी राहिली आणि आपण इथे, म्हणून तो टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. पण साहेबाला कारण कसं सांगणार? डॉक्टर म्हणाला, दुखणं बळावलं. अजून आठ दिवस."

आठ मागितले, सोळा मिळाले! जन्मात असा सौदा माझ्या हातून झाला नव्हता. पण बायांनो, कोळणींच्या कानावर एवढं घालू नका हं.