शनि-अमावास्येचं लिंबू

जादूगार हिंदुरावांचं पुणेकरांबद्दल एक ठाम मत होतं. पुणेकर शंका घेतो, पण ती फक्त दुकानदारावर! बुवा दिसला की त्याची शंका चपला सांभाळत बाहेर बसते! तिला हाताला धरून आत आणायचं, हे हिंदुरावांचं जीवितकार्य. शाळा असो, सोसायटी असो, गणेशोत्सव असो, ते रिकाम्या हातातून अंगारा काढत आणि तो कुठे लपवला होता तेही लगेच दाखवत.

"प्रश्न विचारा!" ते गरजत. "मी तुम्हाला फसवायलाच आलोय. मी ‘चुकलं’ म्हणालो, तर मुळीच विश्वास ठेवू नका!"

अशा माणसाने लेकीचा, नीरजाचा, साखरपुडा नेमका शनिवारच्या अमावास्येला ठरवावा, यात नवल ते काय! मुलाकडचे हबकलेच.

"अहो, अमावास्येला?"

"कर्वेनगरातला हॉल त्याच दिवशी रिकामा मिळतो. याला म्हणतात विचारशक्ती!"

नवरामुलगा सोमनाथ हसून हो म्हणाला. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. खडकवासल्याच्या सोजरबाईंनी, म्हणजे त्याच्या आत्याने, त्याला वाढवलं होतं. आत्यांनी फक्त देवाला हात जोडले.

नीरजाने मात्र बापाला एक अट घातली होती. "बाबा, त्या दिवशी जादू नको. अंगठी सोमनाथच्या आईची आहे. त्या दिवशी तुम्ही नुसते माझे बाबा व्हा."

"दिला शब्द!" हिंदुराव म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, हॉलभर माणसं, समोर माइक, आणि हिंदुराव गप्प? मांजराला दुधाची राखण द्यावी, तसलाच हा प्रकार! अंगठीचं तबक आलं आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

"मंडळी, एक छोटासा प्रयोग! मुलांसाठी!"

नीरजाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

अंगठी रुमालाखाली गेली, रुमाल झटकला, अंगठी गायब! टाळ्या! खरं तर ती एव्हाना पडद्यामागे शमशुद्दीनभाईंच्या हातात पोचली होती. शमशुद्दीनभाई हिंदुरावांचे जुने साथीदार. त्यांनी ती आधीच चीर दिलेल्या लिंबात सारली, लिंबू टोपलीत सगळ्यात वर ठेवलं, सुरी आणायला गेले आणि परत येऊन टोपली बाहेर नेली. डोळे मिटून व्हावं असं, वर्षानुवर्षांचं काम.

हिंदुरावांनी ऐटीत वरचं लिंबू कापलं. रस निघाला. दोन बिया निघाल्या. अंगठी नाही.

ते हसले. दुसरं कापलं. मग तिसरं. टोपली रिकामी झाली, टेबलावर सरबताचा वास सुटला.

"चुकलं," हिंदुराव पुटपुटले.

टाळ्यांचा कडकडाट! "वा! काय अभिनय!" पहिल्या रांगेतले काका ओरडले. "आम्ही नाही हो फसणार!"

"अहो, खरंच चुकलंय! अंगठी खरंच नाहीये!"

हशा आणखी वाढला. ज्यांना त्यांनी जन्मभर शंका घ्यायला शिकवलं होतं, ते आता मन लावून शंका घेत होते.

एकटी नीरजा उठली. "सोमनाथ, हे खरं आहे."

"कशावरून?"

"खोटंखोटं चुकले की बाबा घाम पुसतात. आत्ता खरा घाम आलाय आणि पुसायचं सुचत नाहीये."

पहिल्या रांगेतले काका उठून टेबलाखाली शोधू लागले. शमशुद्दीनभाई पांढरे पडून म्हणाले, "मी वरतीच ठेवलं होतं हो!"

"वरचं व्हय?" मागून सोजरबाईंचा आवाज आला. "पडद्यामागच्या टोपलीतलं? त्ये म्या घेतलं की! आवसंचा दिस, एवढी मान्सं पोरांकडं टक लावून बघत्यात. लांबनंच दोगांवरनं उतरवलं आन् चौकात टाकून आले. मागं वळून बी बघितलं न्हाय!"

वऱ्हाड चौकात धावलं. आणि तिथे, बघतात तर काय, लिंबंच लिंबं! शनि-अमावास्या ना! मिरच्या टोचलेली, कुंकू लावलेली, रिक्षाखाली चिरडलेली. मंडळी लांबूनच गोल करून उभी राहिली.

"हिंदुराव," शमशुद्दीनभाई हळूच म्हणाले, "आपली जादू इतक्या लांब कधी गेली नव्हती."

हिंदुराव पुढे झाले, वाकले, आणि त्यांचा हात मधेच थांबला. स्टेजवर त्यांनी असली लिंबं शेकड्यांनी कापली होती. पण ती मंडईतली! ही कुणी कुणावरून उतरवलेली, कुणास ठाऊक. कुठलं दुखणं, कुठली साडेसाती... 'प्रश्न विचार!' त्यांनी स्वतःला बजावलं. हात ऐकेना.

"रहदारी फार आहे," ते म्हणाले.

नीरजाने शालूचा पदर खोचला. एकेक लिंबू उचलून ती बोटाने चाचपू लागली. "बाबांच्या लिंबाला चीर असते," ती सोमनाथला सांगत होती. तोही शेजारी बसला. अखेर एक लिंबू तिने दाबलं आणि आतून सोमनाथच्या आईची अंगठी बाहेर आली, धुतल्यासारखी लख्ख. तिथेच, चौकात, त्याने ती तिच्या बोटात घातली.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. या वेळी हिंदुरावांसाठी नव्हत्या.

"नीरजा, अगं मी..."

"बाबा, तुम्ही म्हणायचात, प्रश्न विचारा. मी एकच विचारला होता. जादूशिवाय एक दिवस राहाल का?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ती पुढे निघून गेली. हिंदुरावांना फार वाईट वाटलं. हजारोंना शिकवलं, पण शिकली ती एकटी, आणि तिचं एक मागणं त्यांनी टाळ्यांसाठी मोडलं होतं.

हॉलच्या दारात सोजरबाई मीठ-मोहरी घेऊन उभ्या होत्या. "थांबा पोरांनो! चौकातली इडापिडा आत न्यायची न्हाय!" नीरजा आणि सोमनाथ हसत उभे राहिले. हिंदुराव रेंगाळले, आणि मग खाली मान घालून हळूच लेकीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"तुमी कुटं मधी?" सोजरबाईंनी विचारलं.

"काही नाही," हिंदुराव म्हणाले. "मीठ उगाच वाया जायला नको!"