न गळणाऱ्या बुटांचा पाचवा जोड

सासऱ्यांनी उजवा पाय बुटात घातला आणि तो थेट घोट्यापर्यंत गार पाण्यात गेला.

ओरडणं अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. लेक-जावई झोपलेले, आणि बुटांच्या मांडणीला हात लावायची सासऱ्यांना लेकीची सक्त मनाई होती. मागचा भिजलेला जोड त्यांनी मोठ्या प्रेमानं तव्यावर वाळत घातला होता. पुढे कितीतरी दिवस घरातल्या प्रत्येक घासाला रबराचा वास येत होता.

जावई बुटांच्या कारखान्यात नवे नमुने घडवायचा. पाणी आत न शिरणारा बूट, हा त्याचा ध्यास. पहिला जोड नुसत्या रबराचा होता. बाहेरचं पाणी आत येईना, पण आतला घामही बाहेर जाईना. सासऱ्यांचे पाय संध्याकाळी वाफवून काढल्यासारखे निघाले. दुसरा मेण लावलेल्या कापडाचा. तो उन्हात असा चिकटला, की काढायला लेक एका पायाला आणि जावई दुसऱ्याला. तिसऱ्यात आतून पातळ पडदा बसवला, तर पाणी शिवणींतून शिरलं. चौथा तव्यावर गेला. पाचव्याच्या शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवल्या होत्या. ही सगळी प्रगती सासऱ्यांच्या तळव्यांवरून चालत आली होती, आणि जाहिरातीत मात्र कुणीतरी तेल लावलेला तरणाबांड डोंगरावरून उड्या मारणार! त्या शहाण्याच्या पायाला फोड तरी आला होता का कधी?

कारखान्यातली परीक्षा साधी होती. बुटात पाणी भरायचं, खाली वर्तमानपत्र घालायचं. सकाळी कागद कोरडा, तर बूट पास. आज एका मोठ्या दुकानाचा खरेदीवाला येणार होता. त्यानं नाक मुरडलं तर जावयाची रवानगी परत बाथरूम-स्लिपरांत, असं मालकानं तोंडावर सांगितलं होतं. म्हणून जावयानं शेवटची परीक्षा घरीच लावली. ज्याला हात लावायची बंदी, त्याला कोण सांगणार? पाव आणायला निघालेल्या सासऱ्यांनी चष्म्याशिवाय आपलाच जुना जोड समजून पाय घातला.

आता पाणी जमिनीवर आणि कागदाचा लगदा. "हा बघून जावई म्हणणार, बूट गळला," सासरे पुटपुटले. त्यांनी कागद बदलला, फरशी पुसली. बूट पुन्हा भरायला गेले, तर नळ कोरडा. मोरीत त्यांनीच आपल्या अंघोळीला तापवलेली बादली वाफाळत होती. पाणी ते पाणी, म्हणून त्यांनी तांब्याभर ओतलं आणि साळसूदपणे खुर्चीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं जावई उठून आला. नव्या कागदावर डाग पसरत होता.

"गळला," एवढंच म्हणून तो खाली फरशीवर बसला.

लेक धावत आली. "अहो, नीट बघा तरी!"

"काय बघू? टपटपतोय. फोन करून सांगतो, येऊ नका म्हणून. स्लिपर तर स्लिपर."

त्याचा पडलेला चेहरा सासऱ्यांना बघवेना. "जावईबापू, फोन ठेवा. माझा पाय गेला त्यात."

"बाबा!" लेक कडाडली.

"कागद कोरडा खडखडीत होता हो! पाय घातल्यावर माझाच मोजा भिजला, तो काय खोटं बोलेल? मग मी परत पाणी भरलं. बादलीतलं."

"कुठल्या बादलीतलं?" जावयानं मान वर केली.

"अंघोळीच्या."

"कढत?"

"हात लावला नाही. वाफ येत होती."

जावयानं बुटात हात घातला. पट्टी सुटून लोंबत होती. तो हसायला लागला, मग थांबला, मग सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, कपडे करा. माझ्याबरोबर चला."

कारखान्यात खरेदीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. सासऱ्यांना वाटलं, आता हाकलतोय. तो म्हणाला, "आमचं गिऱ्हाईक चिखलाचे बूट कढत पाण्यातच धुतं. हे दुकानात कळलं असतं, तर माझी नोकरी गेली असती. डिंक बदला, मग या." मालकानं घसा खाकरला, पण स्लिपरचं नाव काढलं नाही.

डिंक बदलला. बूट उकळत्या पाण्यातून काढला तरी पट्टी ढिम्म हलेना. मोठी मागणी आली. पहिला तयार जोड जावयानं सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. "बाबा, हा तुमचा. तव्यावर ठेवा, बादलीत बुडवा, माझी हरकत नाही."

सासरे नुसता लेसवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर पावसात ते पाव घेऊन आले, तेव्हा दार उघडणारी लेक बघतच राहिली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, चिखलानं माखलेले. पाव भिजून लोळागोळा. आणि छातीशी, छत्रीच्या बरोबर मध्यावर, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले नवे बूट.

"अहो बाबा, ते पावसासाठीच आहेत ना!"

"वेडी का तू?" सासरे तिच्यावरच खेकसले. "जावईबापूंनी दिलेले बूट, आणि भिजवू?"