दुरुस्ती-पुस्तिका निवड समितीचा अहवाल

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर उजेड-अंधार कळेल, रस्ता दिसणार नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन एकच मागणी केली. त्यांची जुनी, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार नीट करून द्यावी, म्हणजे आईला शेजारी बसवून नदीपर्यंत एक चक्कर मारता येईल.

गाडी चालू होत होती. फक्त चढावर आचके द्यायची. मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिलं.

"कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकलाय, साहेब. दुपारी घेऊन जा."

"कोणत्या पुस्तकाप्रमाणे साफ करणार?" दादाने विचारलं.

"पुस्तक कशाला? हात आहेत की."

इतक्या बेजबाबदार माणसाच्या हाती गाडी देणं शक्यच नव्हतं. साठ वर्षांच्या गाडीचं काम शास्त्रशुद्धच व्हायला हवं. त्याच संध्याकाळी दुरुस्ती-पुस्तिका निवड समिती स्थापन झाली. दादा अध्यक्ष, ताईचे यजमान म्हणजे आमचे भावजी सदस्य, मी सचिव. बाबांना खास निमंत्रित केलं. पण गाडीत त्यांचे हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे मताचा अधिकार दिला नाही.

बाजारात तीन पुस्तिका मिळाल्या. कारखान्याची मूळ पुस्तिका दादाने घेतली. हौशी मालकांसाठी लिहिलेली भावजींनी उचलून धरली, कारण तिच्यात फोटो होते. तिसरी कुणालाच आवडली नाही, म्हणून ती निःपक्षपातीपणे माझ्याकडे आली.

"नुसतं वाचून काय कळणार?" भावजी म्हणाले. "करून बघू."

ठराव मंजूर झाला. दादाच्या पुस्तिकेप्रमाणे आधी इंजिन उतरवायचं होतं, ते उतरलं. भावजींनी दारं आणि पत्रे काढले. माझ्या वाट्याला वायरिंग आलं आणि मी ते मुळापासून उपटलं. सर्व बैठका खेळीमेळीत पार पडल्या.

एके दिवशी बाबा गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले.

"अरे, त्या कार्ब्युरेटरचं काय झालं?"

"बाबा, तो नवव्या प्रकरणात आहे," दादा म्हणाला. "आम्ही अजून चौथ्यात आहोत. घाई करून कसं चालेल?"

फेब्रुवारीत आम्ही जोडणीच्या प्रकरणाशी पोचलो. इथे मात्र तिन्ही पुस्तिकांचं एकमत होतं: जोडणी खोलण्याच्या उलट क्रमाने करावी. तिघांनी एकाच वेळी तीन क्रमांनी खोललेल्या गाडीचा उलट क्रम कोणता, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आम्ही उपसमिती नेमली.

अहवाल मुदतीत, म्हणजे बरोबर एकतीस मार्चला तयार झाला. तिन्ही पुस्तिका अपुऱ्या असून चौथी परदेशातून मागवावी, अशी शिफारस होती. मी तो मोठ्या अभिमानाने बाबांच्या हाती दिला.

त्यांनी कागद चाचपला. "वाचून दाखव," म्हणाले.

मी वाचू लागलो आणि दुसऱ्याच पानावर कागद खाली ठेवला. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? आई शेजारी बसून त्यांच्या बाहेर जायच्या शर्टाची बाही सारखी करत होती.

"छान लिहिलंय," बाबा म्हणाले. "नवं पुस्तक आलं की तेही वाचून दाखव."

तुम्हाला आमचं हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त तुमच्या घरी कुणी बाहेर जायला कपडे करून बसलं असेल, तर त्यांना आतून सांगा, "थांबा जरा, अजून वाचून व्हायचंय."