फरशीला ब्रेक पायजे

दिगंबरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बाथरूम बघतात. पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणतात, "थांबा, आधी ब्रेक बघू." मग चपला काढून, पायजमा वर खोचून ते फरशीवर मगभर पाणी ओततात आणि एका पायावर उभं राहून टाच मागेपुढे घासतात. पाय धरला तर "हाव, लागतो ब्रेक." नाही धरला तर घरमालकाकडे असं बघतात की जणू त्याने दारू पिऊन गाडी काढली आहे. आमच्या गल्लीतल्या एका साखरपुड्यात त्यांनी हेच केलं. मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलाकडची काहीतरी पद्धत असेल. त्यांनी टॉवेल नेऊन दिला.

काकांनी नोकरीभर हदगाव–नांदेड बस चालवली. आता नांदेडला आमच्या शेजारी राहतात. पण जग अजून स्टिअरिंगमागूनच बघतात.

आम्ही बाथरूम नव्याने करायला काढलं तेव्हा ते न बोलावता दुकानात आले. माझ्या बायकोने, सुनीताने, आरशासारखी पांढरी फरशी पसंत केली होती. काकांनी ती खाली ठेवायला लावली, पाणी शिंपडलं आणि खिशातून साबणाची वडी काढली. सेल्समन "काका, काका" म्हणेपर्यंत ते त्याचाच खांदा धरून वर उभे.

"बघा सूनबाई, उतारावर सोडलेली गाडी हाय ही."

शेवटी त्यांनी छोट्या चौकोनांची, जरा खरबरीत, राखाडी फरशी काढायला लावली. "तुकडे छोटे म्हंजे सांधे जास्त. सांध्याला पाय धरतो."

"पण खरबरीत फरशीत मळ बसतो ना, काका?"

काकांनी फरशीवरून रुमाल फिरवला. "अडकून राहिला का? न्हाई. मंग मळ बी निघंल."

फरशी बसल्यावर शिकवणी सुरू झाली. माणूस फरशीवरून घसरत नाही, तिच्यावर साचलेल्या साबणावरून घसरतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले म्हणून अ‍ॅसिड ओतायचं नाही, ते सांधे खातं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून टाकायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, ब्रशने घासून धुवायचं आणि वायपरने पाणी ओढायचं. रविवारी ते तपासणीला येत. त्याला 'सर्व्हिसिंग' म्हणत.

फक्त एका घरात ते पाऊल ठेवत नसत. भिंतीला भिंत लागून राहणारे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, माणिककाका. वडिलांनी वाढवलेला देवणी बैल माणिककाकांनी कुणाला न विचारता विकला, तेव्हापासून दोघांत अबोला. एका लग्नात मी चुकून त्यांच्या मधोमध जेवायला बसलो.

"त्यांना म्हणावं, मीठ सरकवा."

"त्याला म्हणावं, मीठ त्याच्याच समोर हाय."

मी मीठ वाढलं.

यंदा माणिककाका स्वतःच्या बाथरूममध्ये पडले. उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. त्यांची फरशी गुळगुळीत, काळ्या संगमरवरासारखी. पुण्याच्या मुलाने हौसेने बसवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरकाका बादली, ब्रश घेऊन सरळ त्यांच्या दारात. मी फाटकाशीच होतो.

माणिककाका आतून बायकोला ओरडले, "त्याला म्हणावं, माझ्या घराला हात लावू नको!"

"वहिनी, त्यांना म्हणावं, फरशी हाय ही, बैल न्हाई. मी काय विकून खाईन का?"

वहिनी दारातून बाजूला झाल्या.

आठवड्याभरात ती चकचकीत फरशी निघाली, राखाडी बसली. तरी काका रोज सकाळी जात राहिले. मला वाटलं, घासायलाच जात असतील.

एकदा सोड्याचं प्रमाण विचारायला मी तिकडे गेलो. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. माणिककाका प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते; प्लॅस्टरवर पिशवी बांधलेली, हात वर धरलेला. वहिनींना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. दिगंबरकाका मागे उभे राहून भावाची पाठ चोळत होते. काकांनी पाण्याचा मग उचलला, आणि मध्ये कुणालाही न घेता म्हणाले,

"दादा, डोळे मिट. साबण जाईल."

माणिककाकांनी लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटले. मी न विचारताच परत आलो.