टोपलंच खोटं हाय

एप्रिलात, अकोल्याच्या उन्हात, गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळून बसलेला माणूस पाहायचा असेल तर रविवारी सकाळी जुन्या शहरात आमच्या शेजारी यावं. वानखडे गुरुजी. कूलर फुल, अंगात बनियन आणि गळ्याशी पिवळाधम्मक मफलर. समोर टीव्हीवर जपानमधला बास्केटबॉलचा सामना.

"गुरुजी, नाकाचा घोळणा फुटंल ना!" मी म्हणायचो.

"फुटू दे. टीमचं निशाण हाय ते. काढलं का टीम हरते."

"तशी बी हरूनच राहिली."

"आपला नेम बराबर हाय बाप्पा, टोपलंच खोटं हाय!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीत मीठ जास्त पडलं तरी टोपलंच खोटं.

गुरुजी बार्शीटाकळीच्या शाळेतून रिटायर झालेले. बायको वारली. मुलगा सुहास अमरावतीला इंजिनिअर झाला आणि जपानला नोकरीला लागला. त्याच्या तिकडच्या गावची ही टीम, मफलरही त्यानंच पाठवलेला. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. 'मला समजत नाही' म्हणायची सवयच नाही. गुरुजींनी बोलावलं तसा जाऊन बसलो आणि शिट्टी वाजली की जाणकारासारखी मान हलवू लागलो.

तिकडे लीगमध्ये तीन डिव्हिजन. गुरुजींनी ते शाळेच्या हिशेबानं समजावलं. "पयला वर्ग हुशार पोरायचा. आपण दुसऱ्यात. जे शेवटी राहतात त्यायले तिसऱ्यात ढकलतात." खेळाडूंचं बारसंही त्यांनीच केलं होतं. ताडमाड अमेरिकन तो 'लंबा पाटील', तुरुतुरु पळणारा बुटका जपानी 'भिंगरी', सूट घालून ओरडणारा कोच 'वकीलसाहेब'. शनिवारी जिच्याकडून मार खाल्ला, रविवारी पुन्हा त्याच टीमशी गाठ. "म्हंजे नापास पोराले दुसऱ्या दिवशी तोच पेपर देला," गुरुजी म्हणत, "तरी बी फेल!"

सामना संपला की सुहासचा फोन, नेहमी स्पीकरवर.

"बाबा, पाहिली मॅच?"

"पाहिली. भिंगरीनं घोळ केला."

थोडा वेळ भिंगरी, थोडा वेळ लंबा पाटील. मग, "बरं बाबा, ठेवतो."

सीझनचा शेवटचा रविवार आला. जिंकले तर दुसऱ्यात, हरले तर तिसऱ्यात. गुरुजींनी त्या दिवशी पोहेसुद्धा केले नाहीत. कढई ओट्यावर कोरडीच. टीम सुरुवातीपासून मागे पडली ती पडलीच. शेवटी भिंगरी मैदानातच खाली बसला. वकीलसाहेब प्रेक्षकांपुढे कमरेत वाकून उभे राहिले, किती तरी वेळ वर आलेच नाहीत.

"टोपलंच खोटं होतं, गुरुजी," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "तिसऱ्या वर्गाचे सामने इथं दिसतात काय रे?"

"मले माहीत नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

"मले कुठं समजते हा खेळ?" गुरुजी टीव्हीकडेच पाहत म्हणाले. "लहानपणी मी त्याले मार्कं इचारले का आमचं बोलणं खलास. मंधात त्याची माय बोले. माय गेल्यावर हे टोपलं होतं मंधात. आता त्याले मी काय इचारू?"

फोन वाजू लागला. गुरुजी नुसते बघत राहिले. मीच उचलून त्यांच्या हातात दिला.

"बाबा... हरलो."

"हो."

भिंगरीचं नाव कोणीच काढेना. गुरुजींनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तू जेवला काय?"

पलीकडून आधी नुसतंच 'काय?' आलं.

"नाही अजून," सुहास म्हणाला. "तुमी?"

"झालं ना. पोहे केले होते."

मी उठून कूलर बंद केला. त्याच्या घरघरीत पुढचं त्यांना ऐकू आलं नसतं.