भाऊ समेळांनी हद्दपार केलेला शब्द

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आमच्या कल्याणच्या आळीत घरोघरी झेंडे लागले. भाऊ समेळांनी झेंडा तर लावलाच, वर एक शब्दही हद्दपार केला. 'बेग'!

भाऊ मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. त्या काळी रजेचा असो की बदलीचा, अर्ज 'आय बेग टु स्टेट' असाच सुरू व्हायचा. "बेग म्हणजे भीक मागणे!" भाऊ ओट्यावर उभे राहून गरजले. "तीस वर्षं बेगलो. यापुढे माझ्या ओट्यावरच्या अर्जात बेग दिसला तर दौत फोडीन!" हातवारे करताना दौत तेव्हाच फुटली. समेळकाकू फडकं घेऊन बाहेर आल्या. "स्वातंत्र्य मिळालं ते शाई सांडायला का?"

पेन्शनीत निघाल्यावर भाऊ दिवसभर लोकांचे अर्ज सांगत बसत. मोबदला एक सुपारीचं खांड. शेजारचा मी नुकता कारकुनीला लागलो होतो आणि अक्षर बरं होतं, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. बेगच्या जागी भाऊंनी डिक्शनरीतून इतर शब्दांची फौज उभी केली होती. एका दिवसाच्या रजेला 'रिक्वेस्ट'. बदलीला 'सॉलिसिट'. साहेब खडूस असेल तर 'एन्ट्रीट'. घरात मयत असेल तरच 'इम्प्लोअर'.

"अर्थ सगळ्यांचा मागणे हाच ना भाऊ?" मी एकदा विचारलं.

"गाढवा, पुरणपोळी आणि भाकरी दोन्हींचा अर्थ जेवणच ना? मग बारशाला भाकरी का वाढत नाहीस?"

हे वेड घरातही शिरलं होतं. पाणी मागताना रिक्वेस्ट, चहाला सॉलिसिट, दुसऱ्या चहाला एन्ट्रीट. काकू आतून सांगत, "दुसरा चहा कुठल्याच शब्दाला नाही."

शीळफाट्याकडच्या गावातला विठू म्हात्रे एका गिरणीत होता. "भाऊ, माना चार दिस सुटी पायजे. बयनीचा लगीन हाय." लग्न म्हटल्यावर भाऊंच्या अंगात आलं. त्यांनी दणकून 'इम्प्लोअर' सांगितला, तोही दोनदा. लग्नाचा उल्लेख करायचा मात्र राहून गेला. रजा तर मिळालीच, शिवाय हळदीच्या दिवशी विठूचा साहेब घरात कुणी गेलं असं समजून दंडाला काळी फीत बांधून, तोंड पाडून थेट मांडवात हजर! बायकांनी त्याला पाहुणा समजून नखशिखांत हळद माखली. साहेब पिवळाधमक होऊन, वडे खाऊन परत गेला. भाऊंना कळल्यावर म्हणाले, "शब्द जरा जास्त झाला. भाजीत मीठ होतं, तसं."

अशी सहा वर्षं मजेत गेली. मग काकूंचा खोकला बळावला. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं आहे, घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये हलवा, उशीर करू नका. पण खाट मिळणं तिथल्या साहेबाच्या मर्जीवर, आणि वाट पाहणारे पुष्कळ. अर्ज असा हवा की साहेबाने वाचताक्षणी होकार द्यावा.

भाऊ सांगू लागले, मी लिहू लागलो. 'रिक्वेस्ट' लिहिलं. "फाड." 'सॉलिसिट'. "फाड रे!" 'इम्प्लोअर' लिहिलेला कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि चुरगळला. आतून काकूंचा खोकला ऐकू येत होता. भाऊंनी माझ्या हातातून टाक ओढून घेतला आणि स्वतः लिहायला बसले. मी खांद्यावरून पाहिलं. आय बेग. पुढच्या ओळीत पुन्हा बेग. सहीच्या वर आणखी एकदा. मला त्या कागदाकडे बघवेना.

एवढ्यात काकू भिंतीचा आधार घेत दारात आल्या. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हा शब्द कानांनी पाठ होता.

"अहो, तो मेला शब्द नाही ना घातलात? माझ्यापायी?"

"छे!" भाऊंनी कागदावर पंजा ठेवला. "स्वच्छ रिक्वेस्ट आहे. विचार याला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "खरं ना रे?"

"हो काकू. रिक्वेस्टच."

"मग बरं," काकू उंबऱ्यावर टेकल्या. "नाहीतर मला त्या खाटेवर झोप लागली नसती. आयुष्यभर त्या कचेरीत मान खाली घालून बसलात. आता माझ्यासाठी पुन्हा नको."

"अगं, समेळ आता कुणापुढे मान खाली घालत नाही!" भाऊ केवढ्यानं तरी ओरडले. मग कागद घडी करून पाकिटात घालू लागले, पण तो काही केल्या आत जाईना. शेवटी मी त्यांच्या हातातून घेतला, पाकिटात सारला आणि काकूंकडे पाठ करून डिंक लावला.