तारांच्या पेट्या आणि आमचे भाऊजी

पेटी तयार झाली की आमचे भाऊजी तिच्यावर माणूस उभा करायचे. गल्लीतून जो जाईल तो. दूधवाला, पोस्टमन, समोरच्या शर्माजींची भारदस्त सासू, कुणाचीच सुटका नव्हती. "जरा चढो," म्हणायचे, आणि माणूस चढला की स्वतः उकिडवे बसून प्लायवर तळहात टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग "अब हिलो." मग "थोडा कूदो." शर्माजींच्या सासूबाई एकदा खरोखर कूदल्या. खाली उतरून धापा टाकत म्हणाल्या, "दत्तू मिस्त्री, परीक्षा पेटी की है या मेरी?" भाऊजींनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "देखते हैं."

हे "देखते हैं" म्हणजे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. किती वाजले विचारा, देखते हैं. सत्यनारायणाला भटजींनी गोत्र विचारलं, तेव्हाही देखते हैं. याच सासूबाईंनी एकदा थट्टेत विचारलं, मिस्त्री, दूसरी शादी करोगे क्या. भाऊजींनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, देखते हैं. पुढचा आठवडाभर बायका मला नळावर विचारत होत्या की मुलगी कुठली आहे.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. कापडाची मिल चालू होती तोवर ते साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, सुतार होते. शेकडो साचे एकदम खडखडायचे, त्यांच्यामध्ये उभं राहून साच्यांचे लाकडी भाग बसवायचं काम. जाऊबाई मिल बंद व्हायच्या दोन वर्षं आधीच गेल्या. मूलबाळ नाही. गेटला कुलूप लागलं त्या दिवशी ते हत्यारांची थैली घेऊन जुन्या इंदूरच्या आमच्या एकत्र भाड्याच्या घरी परतले आणि ओट्यावर बसले. घरात आम्ही तिघंच. यांची नोकरी कपड्याच्या दुकानात, तीसुद्धा मालक आज ठेवतो की उद्या काढतो अशी.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण भाऊजींशी मी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. थोरल्या दिरांपुढे पदर घेऊन दाराआडून बोलायचं, ही आमच्या घरची रीत. त्यात माझा आवाज मुळातच बारीक. "भाऊजी, ताट वाढलंय," मी दाराआडून म्हणायचे, आणि ते हलायचेसुद्धा नाहीत. पुन्हा म्हणायचे, तरी नाही. शेवटी मी पितळी वाटी फरशीवर आदळायची, की लगेच उठायचे. मला वाटायचं, माणूस तापट आहे, आपलं काहीतरी चुकलंय. मीठ कमी पडलं असेल, नाहीतर जाऊबाईंसारखी डाळ जमली नसेल. चौदा वर्षं मी हाच हिशेब मांडत होते.

सांवेरचं संकटही त्या "देखते हैं"मुळेच आलं. यांच्या ओळखीचे एक शेठ होते, त्यांचं सांवेरला सोयाबीनचं गोदाम. त्यांना रखवालदार पाहिजे होता. गोदामाला लागून खोली, रात्रभर जागायचं, वर्षातून एकदा सुट्टी. मिस्त्रीजी, येता का, म्हणून त्यांनी ओट्यावर येऊन विचारलं. भाऊजी म्हणाले, देखते हैं. शेठ खूश झाले आणि ग्यारसच्या, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर पाठवतो म्हणून निघून गेले. संध्याकाळी यांनी ते सगळं भाऊजींना सांगितलं. यांचा आवाज मोठा, दुकानात कापडाची थानं उलगडत ओरडून ओरडून कमावलेला. नको म्हणून कळवू का, असंही विचारलं. भाऊजी म्हणाले, "शब्द गेला तो गेला. आणि इथं बसून तरी मी कोणता किल्ला लढवतोय?"

मी आत पोळी करपवली.

तेवढ्यात देवाने धाडावा तसा जगदीशभिया आला. स्नेहलतागंजात त्याचं साउंडचं दुकान. पूर्वी लग्नाला एक भोंगा आणि एक माइक पुरायचा, आता लोकांना माणसाएवढे स्पीकर लागायला लागले होते. त्यांच्या ढीगभर तारा तो पोत्यात कोंबून टेम्पोतून न्यायचा आणि मांडवात गेल्यावर दोन तास गुंता सोडवत बसायचा. त्याला प्लायच्या दणकट ट्रंका पाहिजे होत्या. आधी दोन करा, म्हणाला. ग्यारसपासून लग्नं सुरू होतात, तेव्हा नेऊन पाहतो. चांगल्या निघाल्या तर पुढचं सगळं काम तुमचंच. मी दाराआड होते. हे काम मिळालं तर सांवेर टळतं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

भाऊजींनी पेट्या केल्या त्या पाहण्यासारख्या. जाड प्लाय, कोपऱ्याकोपऱ्याला पत्रा, खाली ओल लागू नये म्हणून लाकडाच्या पट्ट्या. आणि आत खुंट्यांच्या ओळी. मिलमध्ये सुताच्या कांड्या उभ्या असतात तशा. जगदीशभियाने नमुन्याला दिलेली एकेक तार त्यांनी खुंटीवर इतकी ताणून, फेऱ्याला फेरा चिकटवून गुंडाळली की कांडीच वाटावी. पेटी उघडी ठेवून सबंध गल्लीला दाखवली. शर्माजींच्या सासूबाई दोनदा चढल्या.

पाच दिवसांनी जगदीशभिया एक स्पीकर घेऊन आला. त्याने पेटीतली तार काढून जोडली, बटण दाबलं, आणि अशी काही खरखर सुरू झाली की कोपऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. दुसरी तार लावली, तीच गत. भाऊजी पेटीवर हात ठेवून हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "बढिया."

जगदीशभिया त्यांच्याकडे पाहतच राहिला. "दादा, मज़ाक कर रहे हो क्या?" मग त्याने समजावून सांगितलं. तारेला सुतासारखं कसून गुंडाळत नाहीत, आतलं तांबं तुटतं. सैल वेटोळं करायचं, एक फेरा सुलटा, एक उलटा. या खुंट्या आधी काढा. ग्यारसच्या आत झालं नाही तर दुसरा मिस्त्री पाहीन. हे सगळं तो चांगलं पाच मिनिटं बोलत होता, पण पाठ भाऊजींकडे करून, तारा गोळा करता करता.

"देखते हैं," भाऊजी म्हणाले. जगदीशभियाने टेम्पो असा काही वळवला की आमच्या तुळशीची कुंडी थोडक्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी कामाला लागले. मला हायसं वाटलं. डोकावून पाहिलं तर खुंट्या जागच्या जागी, आणि ते कोपऱ्यांवर पत्र्याची दुसरी पट्टी ठोकतायत. दुपारी तिसरी. मग कडी काढून तिच्या दुप्पट मोठी कडी. पेटी कमजोर आहे म्हणून गिऱ्हाईक रागावलं, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. पण मला तेव्हा ते कुठं ठाऊक. मला वाटलं, हट्टाला पेटलेत. दिवस भराभर चालले होते आणि इथं तारांच्या पेटीची तिजोरी होत होती.

तेवढ्यात त्यांच्या अगदी पाठीमागे माझ्या कुकरची शिट्टी झाली. मीसुद्धा दचकले. भाऊजींची मान हलली नाही. मग पोस्टमनने घंटी वाजवली, एकदा, दोनदा. नाही. पोस्टमनने ओट्यावर पाय आपटला, तशी लगेच वळले.

तेव्हा मला उमगलं, भाऊजींना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. वाटी आदळली की उठायचे ते आवाजाने नव्हे, फरशी हादरायची म्हणून. पेटी कुरकुरते का हे कानाला कळणार नाही, म्हणून हाताने विचारायचे. आणि दाराआडून चौदा वर्षं मी जे जे म्हटलं, त्यातलं त्यांच्यापर्यंत काहीही पोचलं नव्हतं. पण धसका घेतला तो सांवेरचा. गोदामाचं कुलूप कुणी घणाने फोडलं, अंगावर कुणी धावून आलं, तरी या माणसाला कळणार नाही.

मी प्लायचा एक तुकडा घेतला आणि खडूने लिहिलं, "खुंट्या काढा. तार सैल ठेवायची आहे." दाराखालून पुढे सरकवला. भाऊजींनी वाचला आणि तळहाताने घाईघाईत पुसून टाकला. मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. भाऊजी त्यांच्या समजुतीने कुजबुजले, "धाकट्याला सांगू नकोस."

समोरच्या खिडकीतून शर्माजींच्या सासूबाईंनी विचारलं, "क्या नहीं बताना है, मिस्त्री?"

तेव्हापासून आमचं बोलणं प्लायच्या तुकड्यावर सुरू झालं. मी लिहायची, ते पुसायचे. कधीपासून, असं मी लिहिलं. साचेखात्यात बहुतेकांचे कान जातात, ते म्हणाले. मिलचा भोंगा तेवढा ऐकू यायचा. तो बंद पडल्यावर कळलं, बाकी काहीच उरलं नाही.

उलटसुलट फेरा मला माहेरी विहिरीच्या दोराने शिकवला होता. पीळ पडू नये म्हणून दोर तसाच ठेवायचा. भर दिवसा ओट्यावर थोरल्या दिरांसमोर उभी राहून, त्यांनी पुढे केलेल्या हातांवर मी एकेक वेढा टाकून दाखवला. बायका नळावरून बघत होत्या. भाऊजींचे हात मिलचे, फिरून फिरून आवळायचे. मी "सैल" लिहून खाली तीन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंट्या काढल्या, कप्पे केले, आणि आमच्या वाळत घालायच्या दोरीची अठरा वेळा वेटोळी केली. कपडे दोन दिवस खाटेवर वाळले.

ग्यारसच्या सकाळी जगदीशभिया पेट्या घेऊन गेला. चांगलं म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. मी दाराआडून कान लावून होते. जाताना म्हणाला, देखते हैं. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात लवकर गेले. भाऊजींच्या पाया पडले आणि मागे न पाहता निघाले. भाऊजींनी वळकटी बांधून ठेवली होती. आठाला ट्रॅक्टर आला. जगदीशभिया त्याच दिवशी दिवेलागणीला येऊन आणखी सहा पेट्या सांगणार होता, पण सकाळी ते कुणाला माहीत होतं? ड्रायव्हरने वळकटी उचलून ट्रॉलीत टाकली. मी खडू शोधला, सापडला. पण भाऊजी पाठमोरे पायऱ्या उतरत होते. लिहून दाखवायला तोंड कुठं होतं समोर?

"भाऊजी जाणार नाहीत."

ते मीच म्हटलं, हे मला एक क्षण कळलं नाही. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. ड्रायव्हर म्हणाला, बाईजी, सेठ से तो बात हो गई है. मी म्हटलं, शेठना सांगा, मिस्त्रींना घरचे सोडत नाहीत. तो थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ भाऊजींकडे पाहत राहिला. मग त्याने वळकटी काढून ओट्यावर ठेवली आणि ट्रॅक्टर मागे घेतला.

भाऊजी गल्लीत तसेच उभे. वळकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय म्हणालीस?"

मी पायरीपर्यंत गेले. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरला नाही. "तुम्ही कुठं जायचं नाही," मी ओरडून सांगितलं.

ते एक पायरी चढून वर आले आणि वळकटीशेजारी बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "पुन्हा एकदा सांग."

दुसऱ्या वेळी त्यांना नक्की ऐकू आलं होतं, असं मला आजही वाटतं. पण मी पुन्हा सांगितलं.